टोनरच्या कपाळी कुंकू

सून सुखरूप सुटली तर वर्षभर मठात पडेल ते काम करीन, असं मी एकदा देवापुढे बोलले होते.

सून सुटली. नात झाली, गुटगुटीत. मग बोललेलं फेडायला मी दर गुरुवारी कृष्णाकाठच्या दत्ताच्या मठात जाऊ लागले. वाती वळायच्या, भाजी निवडायची, छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या. अशीच एकदा घड्या घालायला बसले असताना जे कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते सांगते. पदरचं काही घालत नाही.

“माई, नदी ओलांडली तर आजवरचा जप जातो का?”

नरहरने विचारलं.

माई सुपात गहू घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एक खडा शोधला, तो बाजूला टाकला, आणि दुसरा शोधू लागल्या.

“जातो का, माई?”

“कुणी नेला तर जाईल.”

…

माई म्हणजे मठाच्या माई. पाठीला बाक आलेला, दात थोडेच उरलेले, आवाज मात्र खणखणीत. त्या प्रवचन करीत नसत. कुणी पाया पडलं की “जेवलास का?” एवढंच विचारायच्या, आणि नाही म्हटलं की पान वाढायला लावायच्या.

नरहर त्यांचा शिष्य. पूर्वी सांगलीत ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करायचा. ते सोडून मठात आला, दाढी वाढवली, कपाळभर भस्म लावू लागला. जप पुरा होईपर्यंत कृष्णा ओलांडायची नाही, असा त्याने पादुकांपुढे पाणी सोडून संकल्प केला होता. माईंनी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच धरलं होतं आणि तो ते कडक पाळत होता. त्याचं घर पलीकडच्या तीरावर. घाटावर उभं राहिलं की त्यांच्या दारातली चिंच दिसायची. तो तिकडे पाठ करून जपाला बसायचा.

लोक त्याला नरहरबुवा म्हणू लागले होते. त्याला ते आवडतं, असं मला वाटायचं. देव मला क्षमा करो.

त्या दिवशी दाराशी त्याची धाकटी बहीण उभी होती, शालन. बस म्हटलं तरी बसेना. पायातली चप्पलही काढली नव्हती.

“आईला दोनदा ऑपरेशनला आत नेलं,” ती माईंना सांगत होती. “दोन्ही खेपेला खाटेवरनं उठून बाहेर आली. म्हणते, नरहर दाराबाहेर बसला तरच मी डोळ्याला हात लावू देणार. आता मी नरहर कुठनं आणू? चिखलाचा करू?”

त्यांच्या आईला काचबिंदू झाला होता. एक डोळा जवळजवळ गेलेला. दुसऱ्यात थोडा उजेड उरला होता, तो ऑपरेशनने टिकला तर टिकेल, असं मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते. ह्या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. उद्या सकाळची वेळ मिळाली होती, आणि ही चुकवली तर पुढची मिळेपर्यंत डोळा थांबणार नव्हता.

“मी संकल्प केलाय शालन,” नरहर म्हणाला. “पाणी सोडून. पादुकांसमोर.”

“आईला विचारून केला होतास?”

“ह्यात आईला काय विचारायचं?”

“काही नाही. नदी मधे घातलीस, तर पलीकडच्या माणसाला विचारावं, एवढंच.”

“तुला नाही समजायचं ते.”

“खरंय. मी संसारी बाई. मला एवढंच समजतं, की परवा तिला ताटातली भाकरी दिसली नाही. हात फिरवून शोधत होती. आणि मी बघतेय हे कळल्यावर म्हणाली, ताट पुसून घेत होते गं.”

…

नरहर माईंकडे वळला. त्याचा आवाज खाली आला होता.

“थोडाच जप राहिलाय, माई. आज गेलो तर सगळं शून्यावर येतं. पुन्हा पहिल्यापासून. आणि नाही गेलो तर…”



माईंनी सूप झटकलं. फोलपटं उडाली.

“तो छापखाना बंद पडलाय सकाळपासून,” त्या म्हणाल्या. “आधी तो बघ.”

शालनला आता मात्र राहवलं नाही. “माई, मी आईचं सांगतेय. आणि तुम्ही छापखाना?”

“गाडी आणलीस का, बाळ?”

“दारातच उभी हाय.”

“मग उभी राहू दे जरा.”

प्रिंटरला माई छापखाना म्हणायच्या. एका भक्ताने आपल्या ऑफिसातला जुना मठाला आणून दिला होता. सप्ताहाची पत्रकं, एकादशी-चतुर्थीच्या तिथी, सगळं त्याच्यावर निघायचं. दत्तजयंती जवळ आली होती, आणि पत्रकं निम्मी छापून अडली होती. आधीचा टोनर, म्हणजे काळ्या पावडरीची ती लांबट पेटी, संपला म्हणून त्या सकाळी नवा बसवला होता. बसवला तेव्हापासून यंत्र नुसता नारिंगी दिवा मिचकावत होतं.

नरहर जिवावर आल्यासारखा उठला. उपरणं सावरून यंत्रापुढे बसला. आम्हीही भोवती बसलो. शालन उभीच.

“काय म्हणतंय?” माईंनी विचारलं.

“म्हणतंय, टोनर नाही.”

“माझ्यादेखत बसवलाय की.”

“बसवलाय. पण यंत्र म्हणतं, नाही.”

त्याने झाकण उघडलं, पेटी ओढून बाहेर काढली, कानाशी धरून हळूच हलवली. माझी आजी नारळ असाच हलवून बघायची.

“भरलेला हाय?”

“पुरेपूर.”

“मग हे खोटं बोलतंय.”

“खोटं नाही, माई. ह्याला आतली पावडर दिसतच नाही.”

“मग दिसतं काय?”

 नरहरने पेटी उताणी केली आणि तिची कडा माईंपुढे धरली. त्याचा चेहरा थोडा बदलला. जपाला बसलेला नरहर मी बराच पाहिला होता. आवडत्या कामाला हात लावलेला नरहर पहिल्यांदाच बघत होते.

“इथे कडेला नखाएवढी पट्टी असते. तिच्यावर पिवळे ठिपके असतात, धातूचे. ही चिप. आणि इकडे यंत्राच्या पोटात बारीक स्प्रिंगा आहेत. पेटी आत सरकवली की स्प्रिंगा ह्या ठिपक्यांवर टेकतात. मग यंत्र विचारतं, कोण तू? माझ्याच जातीची का? नवी का वापरलेली? पोटात शिल्लक किती? पेटी सगळ्याची उत्तरं देते.”

“तोंडानं?”

“विजेने. आणि जसजशी पानं निघतात तसतसं यंत्र ह्या पट्टीवर लिहीत जातं, एवढी वापरली, एवढी राहिली. पेटी काढून दुसऱ्या यंत्रात घातली तरी ते लिहिलेलं तिच्या अंगावरच असतं.”

“म्हणजे जाईल तिथं आपली ओळख अंगावर घेऊन जाते.”

“हो.”

“बरं हाय. मागं ठेवून जावी लागत नाही.”

शालनने एकदा माईंकडे पाहिलं.  मग चप्पल काढली आणि उंबऱ्याशी टेकली.

“आणि हे लाटणं कसलं?” माईंनी यंत्राच्या पोटात बोट दाखवलं.

“तो ड्रम. अक्षर आधी त्याच्यावर उमटतं आणि मग कागदावर जातं. त्याला हात नका लावू, माई, उजेडही जास्त सोसत नाही त्याला.”

“त्याला बी कपाळपट्टी हाय?”

“ह्या यंत्रात ड्रमची ओळख वेगळी. नव्या ड्रममध्ये केसासारखी एक तार असते. पहिल्यांदा बसवला की यंत्र तिच्यातून वीज सोडून बघतं. वीज पार झाली, म्हणजे नवा आला. मग यंत्र पानांची मोजणी शून्यावर आणतं, आणि ती तार जाळून टाकतं.”

“जाळायची कशाला?” हे शालनने विचारलं. तिच्याही नकळत विचारलं असावं.

“तोच ड्रम काढून पुन्हा घातला तर नवा म्हणून खपू नये. तार जळलेली दिसली की यंत्र ओळखतं, हा जुनाच.”

तो माईंकडे वळला. डोळे चमकले होते.

“माई, मी तशीच तार जाळून इथे आलो. मागचा नरहर राहिला नाही. एकदा जळलेली तार पुन्हा जोडायची नसते.”

माई थोडा वेळ ड्रमकडे बघत बसल्या.

“तार जळल्यावर हा काम करायचा थांबतो?”

“नाही. तिथूनच तर काम सुरू होतं त्याचं.”

“मग जळलं काय?”

“नवेपणा, माई. नुसता नवेपणा.”

“हं.”

…

“आणि हा काढला,” माई म्हणाल्या, “साफ केला, दोन दिवस बाहेर ठेवला, आणि परत घातला. मग मोजणी?”

“ती होती तिथूनच पुढे.”

“शून्यावर नाही येत?”

“कशी येईल? यंत्राने ओळखलं ना, जुना आहे म्हणून. शून्य नव्याला. जुना मधे किती वेळ बाहेर होता, हे यंत्र विचारतसुद्धा…”

तो थांबला.

…

बाहेर गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवला. कुणी हललं नाही.

 मी घडी घालायची थांबले होते. आपल्याच तोंडून निघालेलं वाक्य माणूस कसं ऐकतो, ते मी तेव्हा पाहिलं. जणू ते दुसऱ्याच कुणी म्हटलंय, आणि म्हणणाऱ्याला आता उत्तर द्यायला हवं.

“पण मी यंत्र नाही, माई,” नरहर म्हणाला.

“नाहीस. यंत्राला दुसऱ्यापुढं मोजून दाखवायचं नसतं.”

त्याची मान खाली गेली. ती गेली तशी त्याची नजर हातातल्या पेटीवर पडली, आणि तो एकदम पुढे वाकला.

“हे काय आहे?”

“काय?”

“चिपवर. लाल आहे काहीतरी. माई, हे कुंकू आहे. त्या ठिपक्यांवरच कुणी लावलं हे?”

“मी लावलं,” माई म्हणाल्या.

त्याचा खुलासा मी करते, कारण सकाळी मी तिथेच होते. मठात नवी वस्तू आली की माई तिची पूजा केल्याशिवाय वापरू देत नसत. केरसुणी असो, पातेलं असो, हळदकुंकू लावून, नमस्कार करून मगच ती कामाला घ्यायची. टोनरची पेटी आली तेव्हा माईंनी ती सगळीकडून फिरवून पाहिली. काळीभोर, कुठे वर-खाली कळेना. मग कडेला ते पिवळे ठिपके चमकले. “हे बघ ह्याचं कपाळ,” म्हणाल्या, आणि ओलं कुंकू बोटावर घेऊन नेमकं तिथेच टेकवलं. मीसुद्धा हात जोडले होते.

“ह्याच्यामुळेच,” नरहर म्हणाला. “कुंकू वाळून बसलंय. स्प्रिंगा टेकतात, पण ठिपक्यांना लागत नाहीत. यंत्र विचारतंय, आणि इकडून उत्तर जात नाही. म्हणून ते म्हणतं, कुणी नाहीच.”

“मग पूस की.”

नरहरचं बोट ठिपक्यांजवळ गेलं आणि मागे आलं.

“काय झालं? पुसता येत नाही?”

“येतं. मऊ फडकं लागेल, बस.”

“मग?”

“तुमच्या हातचं आहे, माई. पूजेचं कुंकू. ते मी कसं पुसू?”

शालनने कपाळावर हात मारून घेतला. “अरे देवा,” ती मला म्हणाली, “हा इथंबी अडकला.”

मला हसू आलं. पण नरहरचं मन मला कळत होतं. वाहिलेलं काढायचं म्हणजे माझाही हात अडतो. पाटावरच्या सुपारीचा गणपती हलवतानासुद्धा मी आधी अक्षता टाकते, मगच हलवते.

“पूस,” माई म्हणाल्या.

“माई…”

“माझ्या हातचं हाय म्हणून तर सांगते. दुसऱ्याचं असतं तर त्याला विचारावं लागलं असतं.”

नरहरने उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. डोळे मिटून पुटपुटला काहीतरी, क्षमा मागितली असावी. मग अगदी हलक्या हाताने पट्टी पुसली. उपरण्याला लाल डाग पडला. ठिपके पुन्हा पिवळेधमक दिसू लागले.

पेटी आत सरकवली. खट्‌ आवाज झाला. झाकण लावलं.

यंत्र घरघरलं, जरा विचारात पडल्यासारखं थांबलं, आणि नारिंगी दिवा जाऊन हिरवा लागला. मागोमाग एक पान सरसर बाहेर आलं. ऊनऊन. अक्षर काजळासारखं.

खरं सांगते, मला इतकं हायसं वाटलं की मी ते पान छातीशी धरलं. शालनसुद्धा हसली. सकाळपासून पहिल्यांदाच हसली असेल बिचारी.

माई मात्र हसल्या नाहीत.

“टोनर रिकामा होता का रे?”

“नाही, माई.”

“यंत्र बिघडलं होतं?”

“नाही.”

“कुंकू वाईट होतं?”

नरहर घाईने म्हणाला, “नाही, नाही.”

“मग?”

…

“मधे आलं होतं,” तो म्हणाला.

माई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. त्यांना उठायला वेळ लागायचा. कोपऱ्यातल्या तांब्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि येऊन नरहरपुढे उभ्या राहिल्या. तो अजून बसलेलाच होता.

त्यांनी त्याची हनुवटी धरली आणि कपाळावरचं भस्म पुसायला लागल्या.

तो हलला नाही. घाई न करता, ह्या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत त्यांनी पुसलं, मग पदर उलटा करून पुन्हा एकदा पुसलं. पाणी त्याच्या भुवईवरून गालावर ओघळलं. ते सगळं पाणी तांब्यातलंच होतं, असं मी म्हणणार नाही. भस्माखालचं कपाळ कोवळं निघालं. ऊन न लागलेलं. एकाएकी तो कुणाचा तरी मुलगा दिसायला लागला.

“माई…”

“तुझ्या आईचे डोळे अधू झालेत,” माई म्हणाल्या. “तिला ओळखायला वेळ लागायला नको.”

…

नरहर उठला. चप्पल शोधू लागला. मठात तो अनवाणीच असायचा, त्यामुळे ती कुठे ठेवली ते त्यालाच आठवेना.

“राहू दे, दादा,” शालन म्हणाली. “गाडीत ह्यांची जुनी जोडी हाय. तुला ढगळ होईल. पण कुणी बघायला येत नाही.”

ती माईंच्या पाया पडली, मग माझ्या पडली. मी कोण लागून गेले, पण पडली. नरहर पादुकांपाशी जाऊन उभा राहिला. हात जोडले. काय बोलला ते ऐकू आलं नाही. मग पाठ न दाखवता मागे मागे सरकत दाराबाहेर गेला.

मी घाटावर धावले. तिथून पूल दिसतो.

गाडी पुलावर चढली. मधोमध गेली, आणि थांबली.

 आता उतरतो आणि परत फिरतो, असं वाटलं. मनात दत्ताचं नाव घेतलं, आणि त्या चिंचेच्या पानाएवढ्या दिसणाऱ्या गाडीकडे टक लावून उभी राहिले. जरा वेळाने गाडी हलली, पलीकडे उतरली, आणि झाडांत दिसेनाशी झाली.

मागाहून कळलं, समोरून म्हशी आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी मी मठात गेले. घरी हात चालेना. सुनेला म्हटलं, बाळाला तेल तू लाव आज. पत्रकं छापून होत होती, मी घड्या घालत होते, माई गहू निवडत होत्या. त्या दिवशी त्यांनी एकाच सुपातले गहू पुन्हा पुन्हा निवडले. 

उन्हं कलल्यावर मठाचा फोन वाजला. मीच उचलला. शालन होती.

“काकू, झालं. नीट झालं. उरलेली नजर राहिली म्हणाले.”

“आणि आई? झोपली ना नीट?”

“झोपली कसली. जागीच असतात म्हणे, नुसता डोळा बधिर करतात. ही आतनं हाक मारायची, नरहर, हायेस ना? दादा बाहेरनं ओ द्यायचा. पुन्हा हाक. पुन्हा ओ. शेवटी डॉक्टर म्हणाले, आजी, मुलगा हाये हो दाराशी, आता दोघंबी गप ऱ्हावा, मला काम करू द्या.”

ती हसत होती आणि रडतही होती. मलाही दोन्ही आलं.

मी माईंना सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“बरं झालं,” म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या.  पण बराच वेळ त्या नदीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “जेवलीस का?” मी नाही म्हटलं. मला म्हणाल्या, “मग माझंबी पान वाढ. मीबी सकाळपासनं तशीच हाय.”

आता शेवटचं सांगते, आणि ते सांगण्याआधी एक मागणं मागते. तुमच्या घरात, शेजारात, कुणी तरी असं काही कडक धरून बसलं असेल. नेम असेल, अबोला असेल, आणखी काही असेल. माईंनी शेवटी नरहरला जे सांगितलं, तेवढं तुम्हीही त्याला सांगा. तुम्हीच तसे बसला असाल, तर स्वतःला सांगा. ही माझी पदर पसरून विनंती. मी कुणी मोठी नव्हे, पण नवस बोलणारी आणि फेडणारी आहे, आणि देवाचा हात मऊ आहे, असं माझ्या अनुभवाला आलंय.

दत्तजयंती होऊन गेली होती. थंडी पडली होती. मी ओसरीवर वाती वळत बसले होते. नरहर आला. दाढी काढली होती, त्यामुळे आधी मी ओळखलंच नाही. त्याच्या मागे, शालनच्या नवऱ्याची असावी अशी मोठी शाल पांघरून, काळा चष्मा लावलेली एक किरकोळ बाई होती. ती मठाच्या खालच्या पायरीशी थांबली आणि मान वर करून कळसाकडे बघू लागली. बघत होती, हे तिच्या तोंडावरूनच दिसत होतं.

माई दारात आल्या.

नरहर पायऱ्या चढून वर आला आणि माईंच्या पायांवर डोकं ठेवलं. कपाळ मोकळंच होतं.

“माई, मला एकच सांगा. जपाची मोजणी आता कुठून धरू?”

माईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या खाली बघत होत्या.

“आधी आईचा हात धर,” त्या म्हणाल्या. “इथली पायरी उंच हाय.”